अडतीस वर्षांतली एकमेव वीज

आकाशाकडे पाहण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला जन्मतः मिळतो; गच्चीची चावी मात्र सेक्रेटरीकडे असते.

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या सोसायटीत ती धर्मेशकडे आहे. गच्चीवर जायचं तर तीन दिवस आधी लेखी अर्ज लागतो. त्यात 'प्रयोजन' आणि 'अपेक्षित वेळ' असे रकाने. प्रयोजनात मी 'वीज' लिहितो. वेळेचा रकाना विजेच्या असहकारामुळे कोरा राहतो, आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. नियम उत्तम आहे. त्यामुळेच आमच्या गच्चीवर आजवर एकही वीज विनापरवाना पडलेली नाही.

विजेवर माझं प्रेम अडतीस वर्षांचं. अंबरनाथच्या कारखान्यात होतो, तेव्हा ढग गडगडले की चालू मशीन सोडून कॅमेरा घेऊन शेडबाहेर धावायचो. (साहेबांनी दोन मेमो दिले. ते फ्रेम करून लावलेत. दुसरं काही फ्रेम करण्यासारखं निघालं नाही.) एकूण फोटो अकरा हजार चारशे बारा. पैकी केबलच्या वायरी चार हजारांवर, स्वतःचा अंगठा बाराशे, दचकलेला कावळा एक. वीज: निरंक. कारण शास्त्रीय आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो; मी आधी डोळे घट्ट मिटतो, मग "आली!" म्हणून ओरडतो, मग बटण दाबतो.

फोटो नसले तरी गोष्टी होत्या. मलंगगडावर माझ्यापासून चार हातांवर पडलेली वीज, आणि तिच्यावर मी पेटवून घेतलेली विडी. हे सांगून सांगून इतकं नाव झालं, की ज्येष्ठ नागरिक संघाने रविवारी माझा सत्कारच ठेवला. अट एकच: येताना विजेचा एक फोटो आणायचा. नाही आणला तर अडतीस वर्षांची अब्रू भर सभेत जाणार.

शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. धर्मेश कॅम्प दोनमध्ये पडद्याचं कापड बघायला गेलेला. तो सापडून चावी हातात येईपर्यंत लख्ख ऊन पडलं. हताश होऊन मी पलंगावर आडवा झालो, आणि वर ती दिसली. पंख्याच्या हुकापासून खिडकीपर्यंत गेलेली, सात फाटे फुटलेली भेग. स्लॅबची. डोळे मिटून उघडले तरी जागेवर. मी फोटो काढला. मोबाईलमध्ये काळ्याचं पांढरं करायची सोय असते, तीही वापरली. खाली लिहिलं, 'मलंगगडावर कोसळलेली वीज'.

"अहो, लाज नाही वाटत?" बायको म्हणाली. "आधी तो स्लॅब कुणाला तरी दाखवा. खाली आपण झोपतो."

"सत्कार तरी होऊ दे गं, नूतन."

झाला. शाल, नारळ, टाळ्या, आणि फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. आमच्या वरच्या फ्लॅटमधला भूपेश म्हणाला, "अंकल, देखके रोंगटे खडे हो गये!" (तांत्रिकदृष्ट्या ती वीज त्याच्याच पलंगाखाली होती.)

सोमवारी सकाळी विटेएवढा तुकडा नूतनच्या उशीवर पडला. ती स्वयंपाकघरात होती. तिने आवाज ऐकला, येऊन पाहिलं, परत जाऊन चहा गाळला, मला कप दिला आणि बॅग भरली.

"बदलापूरला ताईकडे चाललेय. स्लॅब झाल्याशिवाय येणार नाही. तोवर सांभाळा तुमची वीज."

मग सोसायटीच्या सभेत मी उभा राहून, तोच फोटो दाखवत खरं बोललो. सवय नसल्याने आवाज कापत होता. "ही वीज नाही. माझ्या बेडरूमचा स्लॅब आहे. पडतोय."

मग टाळ्या.

"अंकल का मजाक भी एकदम लेव्हलवाला!" भूपेश.

"मोठी माणसं अशीच, काका," धर्मेश गहिवरला. "किती तो विनय!"

"अरे, घरी येऊन बघा की!"

"बघायचं काय त्यात, काका? फोटो आहे ना सगळ्यांकडे."

इतिवृत्तात नोंद झाली: 'सन्माननीय सदस्यांच्या विनयाची सभेने दखल घेतली. विषय क्रमांक चार, स्लॅबदुरुस्ती, वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.'

सध्या मी हॉलमध्ये झोपतो. फाटे अकरा झालेत. नूतन ताईकडेच आहे.

ही हकीकत लिहून मी सात सुशिक्षित माणसांना वाचायला दिली. स्लॅबचं पुढे काय झालं, वहिनी परत आल्या का, हे एकानेही विचारलं नाही. सातही जणांनी फोटो मागितला.

आठवे तुम्ही. नंबर द्या, पाठवतो.