डबी तीनानं चुकली

आमच्या शेजारचे गावंडे काकाजी सकाळी कोणालाही राम राम करत नाहीत. आकडा सांगतात. साडेसहाला ते ओट्यावर बसलेले असतात, आणि फाटकासमोरून दूधवाला जाऊ दे, पेपरवाला जाऊ दे नाहीतर फिरायला निघालेली मंडळी जाऊ देत, काकाजी हात वर करून म्हणतात, "एकशे अडतीस." आमची कॉलनी अमरावतीच्या पार एका टोकाला, घरांचे नंबर कोणालाच नीट ठाऊक नाहीत. त्यामुळे नव्या भाडेकरूला पहिल्या दिवशी वाटतं की म्हातारा घर नंबर विचारतो आहे. एकाने तर बिचाऱ्याने थांबून सांगितलं, "नाही हो, आमचा बेचाळीस."

तो आकडा म्हणजे काकाजींची त्या दिवशीची उपाशीपोटीची साखर. तुम्हालाही साखर असेल तर तुम्ही आपला आकडा परत सांगायचा, म्हणजे नमस्कार पुरा झाला. नसेल तर "मले नाई जी" म्हणून सुटका होईल असं समजू नका. "पाह्यली कदी?" हा पुढचा प्रश्न तयार असतो, आणि तोवर डबीचं झाकण उघडलेलं असतं.

डबी म्हणजे साखर मोजायचं यंत्र. मुलाने, प्रशांतने, आणून दिलं तेव्हा काकाजींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, हे मले काय सांगनार? त्यांचंही बरोबर होतं म्हणा. माणसाने चाळीस वर्षं संत्र्यात काढलेली. अचलपूरच्या वाटेवर स्वतःची बाग, शिवाय दुसऱ्यांच्या बागा पाहून माल उचलायचा धंदा. झाडावरचं फळ अंगठ्याने दाबून सांगायचे, हे गोड, हे आंबट, हे आठ दिवसांनी तोडा. माणसांनाही ते तसंच दाबून पाहतात. आमचा जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याशी पाच मिनिटं बोलून मला म्हणाले, "मॅडम, माल पक्का हाय. सालीवर जाऊ नका." जावयाच्या तोंडावर मुरुमं फार होती, त्यामुळे मला तो दाखला लगेच पटला.

तर ओट्यावरचा कार्यक्रम असा. खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर पसरायचा. त्यावर डबी, पट्ट्यांची बाटली आणि सुईचं पेन मांडायचं. मग डाव्या हाताचं बोट उजव्या अंगठ्याने दाबायचं, डोळे मिटायचे आणि आधी आपला अंदाज सांगायचा. "एकशे अडतीस." त्यानंतर सुई, थेंब, पट्टी. डबीने एकशे एक्केचाळीस दाखवलं की काकाजी मान हलवणार, "डबी तीनानं चुकली." डबी कधी दोनाने चुकायची, कधी पाचाने. काकाजी कधी चुकले नाहीत. "बोट खोटं बोलत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये रक्त तपासून घ्या असं डॉक्टर सांगून थकले, पण घरी बोट असताना लॅबमध्ये कशाला जायचं असं यांचं म्हणणं.

हसते आहे खरी, पण मला शिकवलं त्यांनीच. मी मूळची अकोल्याच्या जुन्या शहरातली, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, वर्गात मला पोरं टरकून असायची. पण साखर निघाली आणि डॉक्टरांनी घरी बोट टोचायला सांगितलं तेव्हा मी चक्क रडले. दोन दिवस पेन हातात घेऊन बसायची आणि ठेवून द्यायची. तिसऱ्या दिवशी काकाजी आले, माझं बोट धरलं आणि बागेतल्या गोष्टी सांगायला लागले. मी ऐकते आहे तोवर टोचून मोकळे. "मधात नाई टोचाचं मॅडम, बाजूले टोचाचं. मधात दुखते." आजवर मी बाजूलाच टोचते.

माझ्या भाचीच्या लग्नाला त्यांना अकोल्याला नेलं, हा मात्र माझा मूर्खपणा. जेवणाच्या रांगेत यांनी ताट खाली ठेवलं आणि खिशातून डबी काढली. एक गुलाबजाम खायची परवानगी मिळते का, ते डबीला विचारायचं होतं. शेजारी नवरदेवाचे वडील उभे, त्यांनी कुतूहलाने विचारलं. झालं! नवी सुई लावून काकाजींनी भर मांडवात व्याह्यांचं बोट टोचलं. तीनशेच्या घरात साखर निघाली, आणि त्या गृहस्थाला तोवर पत्ताच नव्हता. माझी बहीण माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. ते व्याही मात्र अजून दर रविवारी काकाजींना फोन करतात आणि आपला आकडा सांगतात.

आता न बोलण्याचा विषय निघालाच आहे, तर माईंबद्दल सांगते. माई म्हणजे काकाजींच्या बायको. दोन वर्षं त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या. भांडण नाही, आदळआपट नाही, फक्त बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर सुनेला, वैशालीला सांगायचं, "त्यायले म्हना, चहा झाला." काकाजी समोर तीन फुटांवर बसलेले. वैशाली घरात नसली तर माई फ्रीजला सांगतात. मी स्वतः ऐकलं आहे. "भाजी झाकून ठेवली हाय वं," असं फ्रीजला सांगून त्या खोलीत गेल्या, आणि काकाजी उठून फ्रीजला "बरं" म्हणाले.

कारण बागेचं. विहिरीचं पाणी आटलं, झाडं वाळायला लागली, दोघंही थकले, मुलगा अमरावतीत. काकाजींनी बाग विकली. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण त्यांनी माईंना विचारलं नाही. त्या बागेतलं झाड न झाड माईंनी लावलेलं, कलमांना उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन घातलेलं. हे सही करून आले आणि पेढे पुढे केले. तेव्हा माई एवढंच म्हणाल्या, "इचारलं असतं तं मी काय नाई म्हनलं असतं?" ते शेवटचं. काकाजी एरवी सगळ्या कॉलनीची साखर सांगत हिंडतात, पण याबद्दल एक अक्षर काढत नाहीत. कधीकधी फ्रीजजवळ उगाच उभे असतात, एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर आकडा बिघडला. अंदाज सांगितला एकशे तीस, डबी म्हणाली दोनशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी दोनशे पासष्ट. सगळ्यांनी दिवाळीच्या फराळावर ढकललं. पण फराळाचे डबे घासून फळीवर गेले तरी आकडा खाली येईना. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. काकाजी शपथेवर सांगत होते की मी काही खात नाही, आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही ठेवला नाही. गुलाबजामाचा इतिहास मला ठाऊक होता. वैशालीने साखरेचा डबा कुलपात घातला आणि संत्र्याला, केळ्याला हात लावायचा नाही असं मामांजींकडून, म्हणजे सासऱ्यांकडून, कबूल करून घेतलं. संत्री घरात येत होती ती फक्त माईंसाठी.

ओट्यावरचा आवाज हळूहळू बसला. आकडा सांगायची लाज वाटायला लागली असावी. दूधवाल्याला एक दिवस नुसतंच "चाललं" म्हणाले.

मग ती अकरा वाजताची गोष्ट घडली. मी भाजी घेऊन येत होते, तर काकाजी रस्त्यातल्या नाल्याच्या पुलावर, कठड्याला बसलेले. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, मला ओळखायला वेळ लागला. खिशातली डबी काढून मीच त्यांचं बोट टोचलं. अठ्ठावन्न. चहाच्या टपरीवरून साखर आणून तोंडात घातली, हात धरून बसून राहिले. पंधरा मिनिटांनी माणूस जागेवर आला आणि पहिलं काय विचारलं तर, "किती होती?" मला इतका राग आला, आणि इतकी भीतीही वाटली होती, की मी त्यांना वर्गातल्या पोरासारखी रागावले.

सकाळी दोनशे ऐंशी आणि अकराला अठ्ठावन्न, याचा अर्थ कोणालाच लागेना. वैशाली म्हणाली, पहाटे चोरून गोड खातात आणि मग वाढवलेल्या गोळ्यांनी साखर एकदम उतरते. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर सोमवारपासून इन्सुलिन. वैशाली वाईट नाही हो, तिला रात्र रात्र झोप नव्हती. पण ज्या माणसाची साखर कुठे जाते हे समजत नाही, त्याला इन्सुलिन द्यायचं म्हणजे काय होऊ शकतं, हे मी त्या पुलावर पाहिलं होतं.

रविवारी सकाळी मी माझं यंत्र घेऊन गेले. म्हटलं, डबीच बिघडली असेल. वैशाली दारात उभी होती. काकाजींनी बोट दाबलं, डोळे मिटले, म्हणाले, "एकशे सव्वीस." त्यांची डबी म्हणाली दोनशे सत्त्याऐंशी. मी माझी पट्टी लावली. दोनशे चौऱ्याण्णव. आता डबीवर ढकलायची सोय राहिली नाही. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मामांजी, काहून असं करता तुमी?"

त्यांचा हात माझ्या हातात होता. मला वास आला. संत्र्याचा, सालीचा, ताजा.

"काकाजी," मी म्हटलं, "संत्रं?"

त्यांनी हात ओढून घेतला. दुपट्ट्याला पुसला. घरात कुठेतरी पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. खाल्लं मी. रोज खातो. उद्या सुई लावा."

चाळीस वर्षं डोळ्याला डोळा भिडवून भाव केलेला माणूस खाली पाहून हे बोलला. मला फार वाईट वाटलं. खाल्ल्याचं नाही, आपण त्यांना असं पकडलं याचं.

तेवढ्यात आतून माई आल्या. हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. आमच्यातल्या कोणाकडेही न पाहता सरळ काकाजींसमोर उभ्या राहिल्या.

"पयले हात धुवा जी," त्या म्हणाल्या.

वैशालीने मागे वळून पाहिलं, तिला वाटलं तिलाच सांगताहेत. पण माई नवऱ्याकडेच पाहत होत्या. "खोटं काहून बोलता? एक फोड तरी टाकली तोंडात कदी? बोटाले रस लागला हाय. डबी तोच मोजून राहिली. धरा पानी."

काकाजींनी दोन्ही हात पुढे केले. माईंनी वरून पाणी घातलं. साबण आणायचं भान वैशालीला राहिलं, एवढं बरं. हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. माझ्याच यंत्राने मोजलं. एकशे एकोणतीस.

मग सगळं उलगडलं. माईंच्या बोटांत वात आहे, त्यांना संत्रं सोलता येत नाही. वैशालीला वाटायचं, माई कसंतरी करून सोलून घेतात. सोलत होते काकाजी. दिवाळीत संत्री यायला लागली तेव्हापासून, पहाटे पाचला उठून, मोरीजवळ बसून. साल काढायची, फोडी सुट्या करायच्या, शिरा काढायच्या, पापुद्रा काढायचा, बी काढायची. मग वाटी भरून देवाजवळच्या पाटावर ठेवायची आणि वर ताटली झाकायची. ठेवली कोणी हे सांगायचं नाही. हात दुपट्ट्याला पुसून ओट्यावर यायचं आणि तेच बोट टोचायचं. बोट खरंच खोटं बोलत नव्हतं. डबी रस मोजत होती, आणि रक्तातली खरी साखर वाढवलेल्या गोळ्यांनी उतरत होती; अकरापर्यंत हात धुतलेले असायचे, म्हणून ती पुलावर दिसली. यंत्राच्या खोक्यात बारीक अक्षरांचा कागद असतो, त्यात आधी हात धुवा असं लिहिलेलं आहे. तीस वर्षं मी पोरांना वाचायला शिकवलं, आणि तो कागद उघडला त्या दिवशी दुपारी.

नंतर एकदा मी काकाजींना विचारलं, की खरं का नाही सांगितलं? सोमवारी इन्सुलिन लागलं असतं, परत पुलावर बसायची वेळ आली असती. त्यांनी डबीचं झाकण उघडलं, मिटलं. म्हणाले, सांगितलं असतं तर वाटी माझ्या नावाची झाली असती, आणि माझ्या नावाची वाटी तिने खाल्ली नसती. दोन वर्षांत ती माझ्या हातचं एवढंच घेत होती. आणि माईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशी साफ केलेली फोड दुसरं कोण करणार, असं त्यांनी वैशालीला सांगितलं. फक्त ठाऊक आहे असं दाखवायचं नव्हतं, म्हणून त्याही गुपचूप खात होत्या.

डॉक्टरांनी गोळ्या पूर्वीसारख्या केल्या. लॅबमध्ये रक्त दिलं, तेही ठीक आलं. काकाजी परत खणखणीत आवाजात आकडा सांगतात आणि डबी परत दोन-तीनाने चुकते. माई आता बोलतात, पण फार नाही. बाकीचं अजून फ्रीजलाच सांगतात. नवऱ्याशी रोजचं एकच वाक्य.

परवा मी फिरून येत होते. काकाजी ओट्यावर बसले होते, दुपट्टा पसरलेला, डबी मांडलेली, पट्टी लावून तयार. बोटं संत्र्याच्या रसाने चिकट, मला फाटकातून दिसत होती. माझा मास्तरकीचा स्वभाव जात नाही. मी म्हटलं, "काकाजी, इतकं सगळं झालं, आता तरी आठवणीनं हात धुवून बसत जा."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि दाराकडे खूण केली. मग हळूच म्हणाले, "हात धुवून बसलो, तं मंग बुढी बोलन काहून?"

आत तांब्या भरल्याचा आवाज आला. काकाजी सरसावून बसले.