हरणवाडी आहे तिथे नाही

माणसाला रस्ता ठाऊक असणे ही प्रगतीतली फार जुनी अडचण आहे. लातूरच्या आमच्या शिकवणी वर्गाने ती २००९ साली दूर केली.

त्याचे असे झाले. मुले चौदा तास एका जागी बसतात, अशी पालकांची तक्रार होती. (सोळा का बसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.) पण दोघांतिघांची कंबर धरली, तेव्हा संचालक हणमंतराव सरांनी आरोग्य हा विषय लावला. विषय म्हटला की परीक्षा आलीच. भूकंपाच्या पट्ट्यातल्या हरणवाडीपर्यंत सायकलने जायचे. चाळीस किलोमीटर, चाळीस गुण. हे गुण धरूनच डॉक्टर होणाऱ्यांच्या खास तुकडीची यादी लागणार होती.

सरांनी पुण्याहून साबणाच्या वडीएवढे जीपीएस यंत्र मागवले आणि पुढच्या सायकलच्या हँडलला बांधले. परीक्षा समितीचा सचिव या नात्याने नियम मी लिहिले. यंत्र दाखवेल तेच उत्तर बरोबर. वाटेत कोणालाही रस्ता विचारणे ही कॉपी.

बेचाळीस मुलांत रेणापूरची पुनम होती. ती रोज सायकलनेच वर्गाला यायची, म्हणजे आरोग्याची गरज नसलेली एकमेव विद्यार्थिनी. खास तुकडीला तिचे अकरा गुण कमी पडत होते आणि ही तिची शेवटची संधी होती. पोरगी गुणी होती, मला आवडायची, हेही इतिवृत्तात नसले तरी नमूद करतो.

शेवटच्या फाट्यावर यंत्राने डावीकडे बाण दाखवला. तिथे धोंडाबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. पुनमने तिला विचारले.

"तिकडं निस्ते दगड हायेत गं माय," धोंडाबाई म्हणाली. "गाव भूकंपात पडलं, तवाच उजवीकडं बसवलंय. सोळा वर्सं झाली. तुमच्यासाठी पोहे करायलेत लोक."

पुनम एकटी उजवीकडे वळली. एकेचाळीस जण डावीकडे गेले. तिथे जोती होती, बाभळी होत्या, माणूस नव्हता. यंत्राने टुंग करून हरणवाडी आल्याचे जाहीर केले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुनमला शून्य मिळाले. तिने रीतसर हरकत घेतली. सोबत ग्रामपंचायतीचा शिक्का, 'हरणवाडी येथेच आहे' असा सरपंचांचा दाखला आणि पुराव्यादाखल डबाभर पोहे. समिती दोन तास बसली. पोह्यांचा पुरावा ग्राह्य धरता आला नाही, कारण निकालापर्यंत तो उरला नव्हता. निर्णय असा झाला: गाव तीन किलोमीटर सरकले असले तरी उत्तरतालिका सरकलेली नाही. गावाची काही हरकत असल्यास ती तीन दिवसांत यायला हवी होती. गावाला सोळा वर्षे उशीर झाला आहे.

"सर, म्या खरंच गावात जाऊन आले," पुनम म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"गावात कोणीही जातं," सर म्हणाले. "गुण पाहिजे असतील तर बरोबर ठिकाणी जावं लागतं."

मला फार वाईट वाटले. मग मी सही केली.

त्या एकेचाळीसांतले तेहतीस जण आज डॉक्टर आहेत. आमच्या जाहिरातीत सगळ्यांचे फोटो आहेत. एखाद्याचा दवाखाना तुमच्याही गल्लीत असेल. जरूर जा, हुशार मुले आहेत. फक्त तुमचे पोट उजवीकडे दुखत असेल आणि रिपोर्टात डावीकडे आले असेल, तर वाद घालू नका. निमूट डावीकडे कापून घ्या.