उरलेल्या पत्रिका

"घ्या नाना, उरलेल्या पत्रिका. सतरा आहेत. लग्न झकास झालं बहिणीचं!"

कटिंग मशीनवरचा रमेश बाहेर हे बोलला आणि मी माझ्या काचेच्या केबिनमधून पाहिलं. नानांनी पत्रिका घेतल्या. वधूवरांची नावं वाचली नाहीत. एक पुठ्ठा दोन बोटांत धरून वाकवला, सोडला, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि म्हणाले, "कडक शे. संसार टिकेल."

जळगावच्या एमआयडीसीत लोखंडी शेड बांधून देणाऱ्या कारखान्यात मला नोकरी लागून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. नानांचं काम म्हणजे छपराला पत्रे किती लागतील, कुठे किती लांबीचे कापायचे आणि कोणत्या क्रमाने बसवायचे हे ठरवणं. तीस वर्षं ते हे लग्नपत्रिकांवर करत आले होते. पत्रिकेच्या मापशीर पट्ट्या कापायच्या, एक पट्टी म्हणजे एक पत्रा, आणि टेबलावर एकीची कड दुसरीवर चढवत अख्खं छप्पर मांडायचं. छापील बाजू वर, कोरी बाजू खाली. "गणपती आभाळाकडे," ते म्हणत, "पत्र्याले पोट शे, पाठ शे. पोट घरात, पाठ पावसाले." रावेरच्या एका केळीच्या गोदामाच्या पुठ्ठ्याच्या छपरावर मी स्वतः 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' हे सलग दोन ओळींत वाचलेलं आहे.

नाना भडगावचे, 'आहे'ला 'शे' म्हणणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारखान्यामागच्या खोलीत एकटेच राहत. त्यांना कुठल्याही छपराखाली स्वस्थ बसता येत नसे. एसटी स्टँडवर गाडी सुटून गेली तरी हे वर बघत पत्रे मोजत उभे. एकदा मला विचारलं, "ताई, तुमच्या शाळेचं छप्पर कसलं होतं?" माझ्याशी ते मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलायचे. मी म्हटलं, आठवत नाही.

"दहा वर्षं खाली बसला आणि एकदाही वर पाहिलं नाही?" त्यांना खरंच वाईट वाटलं. "इंग्रजी शाळेत वर पाहू देत नाहीत का?"

त्यांना कारखान्यातला प्रत्येक जण पत्रिका देई. लग्न उरकल्यावर. आधी कुणी देत नसे. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी काही बोलले नाही. मी तेव्हा कशावरच काही बोलत नसे.

मला नानांचंच काम करायला घेतलं होतं, फक्त कॉम्प्युटरवर. आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी पुण्याहून ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आणलं होतं. छपराची मापं घातली की पडद्यावर पत्र्यांच्या रेघा पडत आणि प्रिंटरमधून कापायची यादी निघे. केबिनला एसी होता, चपला बाहेर काढाव्या लागत. नाना चपला काढत, पण आत येत नसत. उंबऱ्याशी अनवाणी उभे राहून विचारत, "टीव्ही उठला का?" वीज गेली की मी अंधारात बसून राही आणि बाहेर नाना कात्रीने छप्पर पुढे नेत असत.

नियम असा होता, की माझी यादी रमेशकडे जाण्याआधी तिच्यावर नानांची सही व्हायची. ते कागद घेऊन जात, अर्ध्या तासाने रमेशकडे देत. पाच महिन्यांत माझी एकही यादी चुकली नाही. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला केबिन दाखवून सांगत, "इंग्लिश मीडियम आहे. चूक म्हणून नाही." मी मान खाली घाली, पण आतून मला ते पटलेलं होतं.

मग धुळ्याच्या मंगल कार्यालयाचं काम आलं. त्याचे मालक आबा म्हणून मोठे उत्साही गृहस्थ होते. त्यांना चारही बाजूंनी उतरतं छप्पर हवं होतं, आणि तेही लाल रंगीत पत्र्याचं. रंगीत पत्रा आमच्याकडे नवाच होता. पहिल्या लग्नाची तारीख आबांनी छप्पर व्हायच्या आधीच देऊन टाकली होती.

अशा छपराच्या कोपऱ्यांवर पत्रे तिरके कापावे लागतात. मी पडद्यावर एका बाजूचे काढले आणि एक बटण दाबून त्यांचं आरशासारखं प्रतिबिंब पाडलं. असं करत चारही कोपरे पूर्ण झाले. चित्र इतकं देखणं दिसत होतं की भाऊंनी आबांना बघायला आत आणलं.

तेवढ्यात नाना उंबऱ्याशी आले. हातात दोन तिरक्या पट्ट्या. "ताई, एक मिनिट. हे डावं-उजवं पाहून घ्या. साधा पत्रा अडलं तर उलटा करून लावता येतो. रंगीत नाही येणार. तुमच्या टीव्हीत पाठ दिसते का?"

एका पट्टीवर 'चि. सौ. कां.' असं अर्धवट छापलेलं होतं. आबांनी ते मोठ्यानं वाचलं. "भाऊ, मी छप्पर मागितलं, तुम्ही नवरी देऊन राहिले!"

भाऊ हसले. मग म्हणाले, "नाना, कॉम्प्युटरच्या यादीला आता हात लावायचा नाही. सही करा फक्त."

नाना माझ्याकडे बघत होते. मी काय बोलायचं होतं? 'दाखवा नाना', एवढंच. मी हसले. आबांपेक्षा जरा जास्तच हसले आणि म्हणाले, "इट्स ऑटोमॅटिक, नाना."

त्यांनी पट्ट्या खिशात ठेवल्या, यादीवर सही केली आणि गेले.

बाराव्या दिवशी धुळ्याहून फिटरचा फोन आला. भाऊंनी लांब धरलेल्या रिसीव्हरमधून त्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "भाऊ, चोवीसच्या चोवीस डाव्या पायाच्या चपला पाठवल्या! उजवा पाय कोठे शे?"

यादीत मी 'तिरके पत्रे, चोवीस नग' असं लिहून खाली एकच चित्र दिलं होतं. बारा डावे आणि बारा उजवे असं वेगळं लिहायला हवं होतं. पूर्वीचा साधा पत्रा असता तर अर्धे उलटे करून भागलं असतं. या पत्र्याला एका बाजूने लाल रंग होता आणि दुसऱ्या बाजूने राखाडी अस्तर. लग्न सहा दिवसांवर होतं.

भाऊंनी यादी मागवली. खाली नानांची सही.

"नाना, हे काय?"

नानांनी सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नजर चुकली भाऊ. वय शे." पुढे म्हणाले, "बारा उजवे कापून मी स्वतः घेऊन जातो. लग्नाआधी बसवून देतो."

मी पाच फुटांवर होते. कीबोर्डवर धूळ नव्हती, तरी मी तो पुसत होते.

"बसवून या," भाऊ म्हणाले, "आणि मग आराम करा. तुमच्या टेबलाच्या जागी दुसरा कॉम्प्युटर येऊन राहिला."

नाना बारा उजवे पत्रे घेऊन ट्रकमधून धुळ्याला गेले, आणि त्यांचं टेबल रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं.

वरच्या कप्प्यात पट्ट्या होत्या, रबराने बांधलेल्या, प्रत्येक गठ्ठ्यावर गावाचं नाव. यावल, पाचोरा, चोपडा. खालच्या कप्प्यात माझ्या याद्या होत्या, रमेशच्या हाताचे तेलाचे डाग पडलेल्या. कापून झाल्यावर नानांनी परत घेऊन ठेवलेल्या. पहिलीवर निळ्या पेन्सिलीने '१४ नव्हे, १५' असं लिहिलेलं. दुसरीवर 'कड चढते तेवढी लांबी धरली नाही, ती वाढव.' मी खुर्चीत बसले. नऊ याद्यांपैकी सात याद्यांवर निळी पेन्सिल होती. सगळ्यात जुन्या यादीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: 'रमेश, दुरुस्त करून काप. ताईंना सांगू नको. नवीन आहेत, हिंमत जाईल.'

शेवटची यादी धुळ्याची. तिच्यावर फक्त सही.

मी रमेशला विचारलं. तो मशीनमध्ये तेल सोडत म्हणाला, "पहिल्या वेळेले नाना नको म्हणे. नंतर आम्हाले वाटलं, तुम्हाले माहीत शे."

मी टेबल रिकामं केलं नाही. सगळं होतं तसं आत ठेवून कप्पे बंद केले. पण भाऊंकडेही गेले नाही. दोन दिवस गेले नाही. मनातल्या मनात वाक्य तयार करत होते आणि ते सारखं इंग्रजीत होत होतं. इंग्रजीत 'सॉरी' म्हणणं फार सोपं असतं.

तिसऱ्या दिवशी नाना परतले, बरोबर आबा. छप्पर झालं होतं. आबांनी पेढे आणले होते आणि कार्यालयातल्या पहिल्या लग्नाच्या पत्रिकाही. एक भाऊंना, एक मला. मग नानांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "नाना, तुमचा गठ्ठा लग्नानंतर!"

सगळे हसले. नानाही हसले. माझ्या हातातल्या पत्रिकेच्या पुठ्ठ्याकडे त्यांनी एक नजर टाकली, टिचकी मारायला बोट उचललं आणि मग हात मागे घेतला.

तेच लोक होते. तीच जागा, केबिनचा उंबरा. मी कप्प्यातून नऊच्या नऊ याद्या आणल्या आणि भाऊंसमोर ठेवल्या. माझी पत्रिका नानांच्या हातात दिली. 

"भाऊ, धुळ्याची यादी मी चुकवली. आधीच्या आठांपैकी सातही मीच चुकवल्या होत्या, नानांनी दुरुस्त केल्या. त्या दिवशीसुद्धा त्यांनी मला उंबऱ्यातून सांगितलं होतं. आणि मी हसले होते."