भाई नार्वेकरांची एक पृच्छा

रत्नागिरीत माझ्या एसटीडी बूथच्या बरोबर समोर विमा कंपनीचं ऑफिस होतं. मधे एक रस्ता आणि दोन गटारं, बस्स. तरी भाई नार्वेकर त्या ऑफिसला माझ्या बूथवरून फोन करायचे. पलीकडच्या खिडकीत साळवी मॅडम फोन उचलताना मला दिसायच्या. भाईंनाही दिसल्या असत्या, पण ते खिडकीकडे पाठ करून बोलत.

"भाई, समोरच तर आहे. जाऊन विचारा ना," मी सुरुवातीला म्हणालो होतो.

"मेल्या, गिऱ्हाईक हाकलतोस? अशानं धंदा करशील होय?"

भाई एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी राजापूरच्या गाडीवर, त्यामुळे बसून बोलायची सवयच नाही. मी खुर्ची दिली की तिच्यावर पिशवी ठेवायचे आणि स्वतः वरची फळी धरून उभे. तिकिटं पंच करायचा जुना चिमटा अजून खिशात असायचा. बोलणं संपलं की त्या चिमट्यानं बूथच्या काचेवर दोनदा टकटक करायचे. डबल बेल. म्हणजे गाडी निघाली, पैसे घे.

एरवी आळीतल्या भाषेत बोलणारे भाई फोनवर एकदम सरकारी होत. "नमस्कार. एक पृच्छा होती. पावसला आमच्या ओळखीचा एक माडावर चढणारा आहे. त्याचा विमा चढताना लागू होतो, की उतरतानासुद्धा?" एकदा त्यांना आंब्याच्या पेटीवर बसून जाणाऱ्याला अपघात झाला तर तो प्रवासी धरायचा की माल, हे हवं होतं. एकदा कवळीचं निघालं. वरची हरवली तर निम्मी भरपाई मिळते का?

साळवी मॅडम न चिडता उत्तरं देत. "मग काढताय का पॉलिसी?"

"बघू. विचारायला काय जातं?"

हे त्यांचं पालुपद. आळीत त्यांना सगळे 'विमामहर्षी' म्हणायचे. मीही म्हणायचो.

फोन ठेवता ठेवता मात्र, आत्ताच आठवल्यासारखं करून, ते एक पॉलिसी नंबर सांगायचे. तोंडपाठ. "ही चालू आहे का, सहज बघता?" पलीकडून उत्तर आलं की काचेवर डबल बेल.

तो नंबर कुणाचा, ते मला आईनं सांगितलं. भाईंच्या मुलाचा, महेशचा. त्याला नोकरी लागली तेव्हा भाईंनीच ही पॉलिसी काढायला लावली होती. पुढे तो नोकरी सोडून मुंबईला धंदा करायला निघाला आणि भाई रागाच्या भरात बोलून गेले, "परत या घराची पायरी चढू नकोस." तो चढला नाही. सहा वर्षं झाली, पत्र नाही की फोन नाही. फक्त दर सहा महिन्यांनी त्याच्या हप्त्याचा चेक टपालानं समोरच्या ऑफिसात येत असे. पॉलिसी चालू, म्हणजे महेश बरा आहे. हे विचारताना भाईंना कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

हे कळल्यावर मी त्यांच्याकडून रुपया घेईना. त्यांनी तो टेबलावर आपटला. "आपल्या गाडीत फुकट प्रवास नाही."

एका सप्टेंबरात काच वाजली नाही. हप्ता आला नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. मग भाई रोज येऊ लागले. माड, पेटी, कवळी सगळं बंद, थेट नंबर.

"टपालाला उशीर होतो हो," मी म्हणालो.

"सहा वर्षांत झाला नाही. कंडक्टरचा पोर आहे तो. वेळेवर सुटतो."

पंधरा-वीस दिवस असे गेले. मग एका दुपारी भाई नंबर फिरवत होते आणि पलीकडे खिडकीत कुणीच नव्हतं. साळवी मॅडम एक पाकीट घेऊन रस्ता ओलांडून येत होत्या. एवढ्याशा बूथमध्ये भाईंना पाठ फिरवायला जागा नव्हती.

"हप्ता आला, भाई. सोबत चिठ्ठी आहे." त्यांनी वाचून दाखवली. "आजारपणामुळे उशीर झाला. आता बरा आहे. नॉमिनीचा पत्ता तोच आहे का, कळवावे."

भाईंनी हातातला रिसीव्हर जागेवर ठेवला.

"नॉमिनी तुम्हीच आहात. दर हप्त्याला तो हेच विचारतो, आणि मी 'होय' कळवते. या वेळी म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

भाईंनी वरची फळी घट्ट धरली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"लिहा," ते म्हणाले, "पत्ता तोच आहे. आणि पायरी चढायला हरकत नाही, असं लिहिता येतं का बघा. विचारायला काय जातं?"

चिमटा काढायला त्यांनी खिशात हात घातला, पण तो काही हाताला लागेना. मग काचेवर दोनदा टकटक मीच केली.