साळवे बाईंची हजेरी

साळवे बाई माणसाला नावानं हाक मारत नाहीत, नंबरानं मारतात. मी सात, माझी बायको आठ.

बाई चितेगावच्या शाळेतून रिटायर झालेल्या. सकाळी बागेत फिरणारी आम्ही अकरा माणसं आफ्रिकेला निघालो, तेव्हा क्रांती चौकात बसमध्ये चढतानाच त्यांनी नंबर वाटले. "नंबर बोलला नाय, तर गाडी हलायची नाय," असा दमही दिला. मग विमानतळावर हजेरी, नाश्त्याला हजेरी. जीव नकोसा झाला.

व्हिक्टोरिया धबधब्याचा आवाज एवढा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. खालून उडालेलं पाणी पावसासारखं अंगावर येत होतं. आम्ही आ वासून बघत होतो. बाई मात्र धबधब्याकडे पाठ करून एकेकाच्या रेनकोटवर हात ठेवत मोजत होत्या.

"बाई, जरा मागं वळून बघा," मी ओरडलो.

"बघते. आधी आठ कुठं गेली ते सांगा."

दुसऱ्या दिवशी अभयारण्यात आमच्या दोन जीप होत्या. एका थांब्यावर हजेरी झाल्यावर मी कुणाला न सांगता संडासला गेलो. बाहेर आलो तर दोन्ही जीप गेलेल्या, आणि समोर वीसेक पावलांवर हत्ती पाणी पीत उभे. मी परत आत शिरलो, कडी लावली. मोबाईल जीपमध्येच राहिलेला. बायको पुढच्या जीपमध्ये होती. तिला वाटलं मी मागच्या जीपमध्ये असेन, मागच्यांना वाटलं पुढच्या.

अर्ध्या तासानं दारावर थाप पडली.

"सात नंबर, आत हाय का?"

"हाय, बाई." आयुष्यात एवढ्या आनंदानं कधी हजेरी दिली नव्हती.

पुढच्या थांब्यावर बाईंनी मोजलं होतं, आणि सात आल्याबिगर जायचं नाय म्हणत त्या जीपसमोर उभ्या राहिल्या होत्या. ड्रायव्हरला मराठी कळलं नाही, पण बाई कळल्या. आता रागावतील असं मला वाटलं.  पण त्या अभयारण्याचं गेट येईपर्यंत माझं मनगट धरून बसल्या. 

परतलो तेव्हा क्रांती चौकात बाकी प्रत्येकाला न्यायला कोणी ना कोणी आलं होतं. शेवटी आम्ही तिघंच उरलो.

"बाई, तुम्हाला न्यायला कोण येतंय?" बायकोनं विचारलं.

"मला कोण येणार? लेक पुण्याला. तुम्ही निघा."

बायकोनं त्यांची बॅग उचलून आमच्या रिक्षात ठेवली. "आज आमच्याकडं पिठलं-भाकरी."

बाई क्षणभर घुटमळल्या. मग आमच्या मधे येऊन बसल्या. रिक्षा निघाल्यावर हळूच म्हणाल्या, "धबधबा मी नीट बघितलाच नाय. कसा होता, सांगा की."

आम्ही दोघं घर येईपर्यंत सांगत होतो.