राघोशेठची चौकशी

शिळफाट्यावरच्या भाताच्या गिरणीतून सदूला कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी त्याला एकच सल्ला दिला. "नुसती शर्टाला इस्त्री करून जाऊ नकोस. मालक कोण, माणूस कसा, याची आधी माहिती काढ." सदूने हे घरी सांगितलं आणि तिथेच त्याचं चुकलं.

कारण त्याचे वडील येसाजी म्हणजे चौकशीतला पक्का माणूस. खालापूरच्या आसपास कुणाचीही सोयरीक जुळायची असली, की येसाजी आणि त्यांची बहीण विमलबाई पुढे. समोरच्या घरी पाणी मागून प्यायचं, गोठ्यात डोकावायचं, शेजारणीला बोलतं करायचं. चौकशीचा दुसरा काही प्रकार असतो हे त्या दोघांना ठाऊकच नव्हतं.

"बाबा, मीच जातो ना," सदू म्हणाला.

"तुला काय कळतंय रं? मॅट्रिक होऊन दोन वर्सं घरात बसलायस. पहिल्यांदा कुणी बोलावलंय. ही नोकरी गेली तर पुना चिखलातच उतरायचं हाय. गप बस."

सदूने शर्टाला इस्त्री करायला घेतली.

बहीण-भाऊ शिळफाट्याला उतरले ते थेट गिरणीमालक राघोशेठच्या शेजारणीच्या ओटीवर जाऊन बसले. राघोशेठ मूळचे जातभाई निघाले, तेव्हा तर येसाजींना चेवच चढला.

"घरात दुखणं-बाणं काय?"

"नाय बा."

"तिरसट हाय का मानूस? भांडण-तंटा? भाऊबंदकी?"

शेजारीण सावरून बसली. "घरी पोरगा हाय का तुमचा? लग्नाचा हाय?"

"लग्नाचाच की! बावीसचा झालाय," येसाजी छाती काढून म्हणाले.

विमलबाई तोवर राघोशेठच्या घरात पोचल्या होत्या. पाणी घेऊन आली ती राघोशेठची एकुलती मुलगी चंद्रा. विमलबाईंनी तिला शिकलीस किती, स्वयंपाक कोण करतं, बाप रागावतो का, हे सगळं विचारलं. ज्या घरात लेक मोकळी बोलते, तिथला मालक नोकरांनाही छळत नाही, असं त्यांचं साधं गणित होतं. पण ते त्यांनी चंद्राला सांगितलं नाही. उलट निघताना तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या शिळफाट्याला कळलं, की चंद्राला स्थळ आलंय.

मुलाखतीच्या दिवशी सदू गिरणीत गेला, तर दिवाणजी धावतच आला. "इथं कुठं? तुमी घरी चला!" घरी सतरंजी अंथरलेली. फेटे बांधलेले चार पाहुणे बसलेले. सदूच्या हातात पोह्यांची बशी आली आणि ती आणणारी मुलगी दाराआड जाऊन उभी राहिली. बड्या मालकांची रीतच असावी, असं समजून सदूने पोहे खाल्ले.

"बहिनी किती?" एका फेट्याने विचारलं.

"दोन. दिल्या."

"विडी-तंबाखू?"

"नाय जी."

"जरा चालून दाखवा बघू."

सदू हबकलाच. कारकुनाला चालून दाखवावं लागतं हे गुरुजींनी कुठे सांगितलं होतं? तरी तो भिंतीपर्यंत जाऊन आला. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

राघोशेठ खूश झाले. "सगळं झ्याक हाय. आता एकच सांगा. नोकरीला कुठं हाय तुमी?"

"नोकरी?" सदूने बशी खाली ठेवली. "तीच मागायला आलोय, शेठ. तुमच्या गिरणीत."

एका पाहुण्याचा चमचा बशीत पडला. दाराआडून मात्र खुदकन हसू आलं.

राघोशेठचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. पाहुण्यांना घाईघाईने वाटेला लावून ते सदूजवळ आले आणि अगदी हळू आवाजात बोलले. "हे बघ, गावभर झालंय. पोरीचं नाव खराब व्हायला नको. उद्यापास्नं कामाला ये. पन बाहेर सांगायचं, मुलीकडच्यांनी नकार दिला. मुलाला नोकरी नाय म्हनून. कबूल?"

"कबूल!" सदूने त्यांचे पायच धरले.

येसाजी आणि विमलबाई फाटकाशी वाट पाहत होते. सदूने धापा टाकत सगळं सांगितलं.

"नकार?" येसाजींचे डोळे विस्फारले. "आपल्या घराला? आमी कवा मागनी घातली?"

"मागनी नाय बाबा. पन नकार आलाय. नोकरी नाय म्हनून."

"आन् नोकरी तर त्यांनीच दिली ना आत्ता?"

"दिली."

येसाजींनी विमलबाईंकडे पाहिलं.

"पोरगी माझ्या मनात भरलीय रं दादा," विमलबाई म्हणाल्या.

"बाबा, नको! पाया पडतो, बाबा!" सदू ओरडला, पण येसाजी टोपी सारखी करून केव्हाच ओटीवर पोचले होते.

"शेठ, राम राम. पोरगा नोकरीला लागला आमचा. आता बोला."

राघोशेठ मटकन खाली बसले.

"पोराच्या मालकाची काळजी करू नका," येसाजी सतरंजीवर मांडी घालत म्हणाले. "मानूस एकदम चोख हाय. आमी सोता चौकशी केलीय."

आत चंद्रा पुन्हा पोह्यांसाठी स्टोव्हला पंप मारू लागली.