चपला आणि म्हाळसा या दोन होड्यांची व लांब पठाणाची हकीगत

श्री. समुद्रास दंडवत, वाऱ्यास दंडवत, आणि ज्यांनी या लेखणीस कधी बक्षीस दिले नाही त्यांसही दंडवत, की तेणेकरून खरे लिहिता आले. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी खाडीकाठच्या एका राज्याचे महाराजांनी परमुलखातून शिडाची नवी होडी आणविली, आणि शास्त्रीबुवांकडून नाव घेतले ते 'चपला', म्हणजे वीज. होडी पाहता दृष्ट लागावी ऐसी. पांढरीशुभ्र, हलकी, मागल्या अंगी इतकी रुंद की पंगत बसावी, आणि आत निजावयाच्या दोन खोल्या, कोच, फ्रीज, आणि दार लागेल ऐसे शौचकूप. आणि महाराजांच्या वडील भगिनी आक्कासाहेब, त्यांची जुनी सागवानी होडी 'म्हाळसा'. ती अरुंद, जड, आत शिरता डोके आपटावे, आणि शौचास एक बादली, तीही पाळीपाळीने. परंतु बंदरी वाऱ्यापासून आडोशाची जागा एकच, आणि ती म्हाळसेची. मग महाराज बोलिले, "आक्का, जागा चपलेस द्या आणि तुमचे ते लाकूड फोडून बंबात घाला." आक्कासाहेब बोलिल्या, "चपला दाराबाहेर ठेवतात, बाळासाहेब." दरबारी हसू आले, ते सर्वांनी खोकल्यात घातले. महाराज संतापले, आणि पण लागला, की दोन्ही होड्यांनी समोरच्या बेटास वळसा घालून यावे, यंत्र लावू नये, जी आधी बांधली जाईल तिची जागा, आणि म्हाळसा हरली तर बंबात. आक्कासाहेब "बरे" म्हणाल्या, परंतु म्हणताना पदर मुठीत धरिला, कारण यजमान वारल्यावर त्यांच्या हातची म्हणावी ऐसी वस्तू ही होडीच उरली होती.

मग महाराजांचा तांडेल लखमा हात जोडून बोलिला, "महाराज, वारा उठला तर जड जाईल. आक्कासाहेबांचा पठाण लांब आहे, तो दिशा धरतो. आपला आखूड." आता दर्यावर्दी लोकांत पठाण म्हणजे होडीच्या बुडाखालचे कण्याचे लाकूड. म्हाळसेस ते पुढच्या टोकाच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत, आणि चपलेस मधोमध माशाच्या परासारखे एक लोखंडी पाते, तेवढेच. हे खाडीवरचे शेंबडे पोर जाणते. महाराज जाणत नव्हते, कारण त्यांचे शिक्षण डोंगरावरच्या महाग शाळेत जाहले. ते गरजले, "आक्कांनी पठाण ठेवला? आणि आम्हास पत्ता नाही?"

"महाराज, पठाण म्हणजे—"

"पठाण म्हणजे काय ते तू शिकवणार आम्हास? दिवाण, त्यांच्याहून लांब पठाण आजच्या आज हजर करा!"

दिवाण त्र्यंबकराव जन्मले खाडीवर, वाढले खाडीवर, त्यांस सर्व ठाऊक. परंतु राजमुखीचा शब्द दुरुस्त करू नये ऐसा दरबारचा दंडक, म्हणोन "जी" म्हणाले. ऐसे 'जी' म्हणणारे लोक पगार कशाचा घेतात ते अद्याप कळले नाही. आणि ते थेट बाजारी गेले, तेथे सुक्या मेव्याचे दुकानदार उमरखान, दारातून वाकून जाणारे, तीन पिढ्या याच गावचे. खान म्हणाले, "बदाम पाहिजेत तर बोला, रावसाहेब. होडीत माझे काय काम? मला पोहता येत नाही."

"पोहायचे नाही. दिशा धरायची."

"ती कशी धरतात?"

"बसलात की कळेल."

मग सकाळी मंद वाऱ्यावर होड्या सुटल्या, आणि चपला अशी पळाली की म्हाळसा मागे चिखलातल्या म्हशीसारखी दिसो लागली. महाराजांनी बेटाच्या आडोशास थांबून गार श्रीखंड खाल्ले, खानांसही दिले, आणि आक्कासाहेब दिसो लागल्यावर टाळी वाजवून पुढे निघाले. परंतु दुपारी वारा चढला आणि लाटा मागून येऊ लागल्या, आणि प्रत्येक लाट ते रुंद बूड उचली, सुकाणू पाण्याबाहेर येई, आणि होडी गर्रकन फिरून जिकडून आली तिकडे तोंड करी. कोच दारात आला, श्रीखंड छतास लागले. महाराज ओरडले, "खानसाहेब, दिशा धरा!"

"कुठली धरू, हुजूर? दर खेपेस निराळीच समोर येते! मी डोलकाठी धरली आहे, ती काही सोडत नाही!"

तो मोठे शीड टरकन फाटले. आणि मागून म्हाळसा आली, सुताने आखल्यासारखी सरळ, सुकाणूस दोरी बांधलेली, आणि आक्कासाहेब वाटाणे सोलीत बसलेल्या. महाराज बोलिले, "आक्का, तुमच्या पठाणास सांगा, दोर टाक म्हणावे."

"माझ्या पठाणास?"

"लपवू नका. लांब आहे म्हणे. आम्हीही आणला आहे, हा काय बसला आहे."

आक्कासाहेबांनी खानांकडे पाहिले, खानांनी आभाळाकडे, चपलेच्या सुकाणूवरच्या लखम्याने पाण्याकडे. मग आक्कासाहेब ऐशा हसल्या की वाटाणे समुद्रार्पण जाहले. "अहो, तो बुडाखाली असतो!"

"कोण?" महाराज बोलिले. तेव्हा लखम्याने सांगितले.

मग दोर बांधून म्हाळसेने चपला ओढीत बंदरी आणिली. परंतु जे खरे ते खरे, अरुंद जागी म्हाळसा वळेना. पठाण लांब, तो वळू देईना. दोन फेरे घेतले, तिसऱ्यास धक्क्याची पायरी फोडली. इतक्यात महाराजांनी दोर सोडविला, आणि चपला पुढच्या लहान शिडावर जागच्या जागी वळोन नेमकी आडोशात शिरली आणि बांधलीही. आणि ज्यास आत्ता ओढून आणिले तो पुरुष निर्लज्जपणे बोलिला, "आम्ही आधी. बंब तापवा."

आक्कासाहेबांचा चेहरा उतरला. मग पदर खोचून बोलिल्या, "पणाप्रमाणे होऊ द्या. मात्र जागेचा निवाडा भर दरबारी करा. तेथे मी पठाणाचा अर्थ सांगेन."

महाराजांनी चपलेचा दोर स्वतः सोडला आणि बोलिले, "जागा तुमचीच. बंब आम्ही विजेचा आणू. पण हे कोणास कळता नये." आक्कासाहेबांनी वचन दिले, लखम्याने दिले, धक्क्यावर वाट पाहणारे दिवाण "जी" म्हणाले, आणि खानांनी श्रीखंडाची शपथ वाहिली. तेव्हापासोन म्हाळसा धक्क्यास, आणि चपला म्हाळसेच्या बाहेरच्या अंगास बांधतात, आणि महाराजांस उतरणे जाहल्यास वाकोन "आक्का, येऊ का?" विचारावे लागते, आणि "पाय पुसून या" ऐसे उत्तर येते.

येणेप्रमाणे हकीगत. नवी होडी चपळ, ऐसपैस, गार श्रीखंडाची. जुनी संथ, अडचणीची, वळावयास हट्टी, परंतु लाटेत सुकाणू सोडून वाटाणे सोलता येतात. चौघांनी वचन आजवर पाळिले. चपलेत पाणी उपसावयास एक पाचवा मनुष्य होता, त्याजकडे वचन मागावे ऐसे कोणास सुचले नाही. त्याने हे लिहिले.